जुनी, सगळ्या कामाची मोटरसायकल: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसऱ्याच्या आधी आणि पाडव्याच्या आधी ओळखीपाळखीतले लोक हमखास विचारतात, जुनी गाडी ठेवू की देऊन टाकू, आणि नवीन घ्यायची तर कोणती. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. माझा कल जुन्या गाडीकडे आहे हे आधीच सांगतो. जिथे नवी गाडी सरळसरळ चांगली आहे, तिथे तसंही लिहिलं आहे.

‘सगळ्या कामाची’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

जिच्यावर सकाळी बुटीबोरीला ड्युटीवर जाता येतं, येताना कळमन्यातून कांद्याचं पोतं आणता येतं, संध्याकाळी आईला मागे बसवून टेकडीच्या गणपतीला नेता येतं आणि रविवारी रामटेकचा गड चढता येतो, ती. यातलं कुठलंही काम ती अव्वल दर्जाने करत नाही, पण एकाही कामाला नाही म्हणत नाही.

नावंच घ्यायची तर 1985 ची हिरो होंडा सीडी 100, तिच्यामागून 1994 ला आलेली स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर आणि सीटी 100, पहिल्या काही वर्षांतली पल्सर 150, होंडाची युनिकॉर्न, जुनी बुलेट 350. टू-स्ट्रोकवाल्यांत यामाहा आरएक्स 100 आणि येझदी.

नुसतं वय बघू नका. राजदूत 350 ही 1983 ची गाडी. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, पिकअप असा की त्या काळच्या ब्रेकला झेपत नव्हता. पण पेट्रोल इतकं प्यायची की सामान्य गिऱ्हाइकाने तिला हात लावला नाही, आणि काही वर्षांत ती बंद झाली. आज तिचे दिवाने आहेत, ते ठीक. पण ती तेव्हाही एकाच कामाची होती आणि आजही आहे. उलट 2023 मध्ये आलेली शाइन 100 नवीकोरी असून याच जुन्या घराण्यातली आहे.

म्हणजे नव्या गाड्या वाईट का?

नाही. ज्या कामासाठी बनवल्या, त्या कामात जुन्यांच्या कितीतरी पुढे आहेत. तेच काम तुम्ही महिन्यातून किती वेळा करता, एवढं आधी मोजा.

मग नव्या गाडीत नेमकं काय कमी आहे?

शोरूममध्ये गेलात की इंजिन बाजूला ठेवा आणि आधी सीट बघा. जुनी सीट सपाट, सलग, टाकीपासून कॅरियरपर्यंत. तिच्यावर दोन माणसं बसतात, गरज पडली तर मध्ये पोरगं मावतं, पोतं आडवं पडतं. आंबिया बहाराची तोडणी चालू असताना काटोल-नरखेडच्या रस्त्याला लागा. टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सीटवर आवळलेली संत्र्याची क्रेट, त्यांच्यापुढे जेमतेम वीतभर जागेत सरकून बसलेला माणूस, गुडघे टाकीला चिकटलेले, आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये शांतपणे चाललेली. ओझं इतकं असू नये हे मान्य. पण हे काम स्पोर्ट्स गाडीवर करायचं म्हटलं तर पट्टी बांधायला जागाच सापडत नाही. तिची सीट दोन तुकड्यांत, मागचा तुकडा हातभर उंच आणि तळहाताएवढा. त्यावर आई कशी बसणार? साडी नेसून तर नाहीच.

दुसरं, डबल स्टँड. अनेक नव्या गाड्यांना फक्त साइड स्टँड असतो. उमरेडच्या रस्त्यावर मागचं चाक पंक्चर झालं की डबल स्टँड कशाला असतो ते कळतं. चेनला ऑइल द्यायचं, तरी तो लागतो.

तिसरं, किक. बॅटरी बसली तर किकवाली गाडी निमूट चालू होते. बिनकिकची गाडी डिसेंबरातल्या पहाटे धक्क्यावर चालू करून बघा, त्यात शेजाऱ्यालाही उठवावं लागतं.

चौथं, पेट्रोलचा कॉक. गाडी अडखळली की डावा हात खाली जातो, कॉक रिझर्व्हवर फिरतो आणि पंपापर्यंतची सोय होते. नव्या गाडीत काट्यावर भरवसा ठेवायचा.

आणि बसायची पद्धत. सरळ पाठ, रुंद हँडल, पाय जमिनीला टेकलेले. स्प्लेंडरची सीट 785 मिमी उंचीवर आहे. ॲडव्हेंचर प्रकारातल्या गाड्या 800 च्या पुढे जातात. पाच फुटाच्या माणसाला सीताबर्डीच्या गर्दीत हा फरक दर सिग्नलला जाणवतो.

कंपन्यांनी एकाच्या चार गाड्या का केल्या?

ही गोष्ट आपल्याकडे सुरू झालेली नाही. 1969 मध्ये होंडाची सीबी 750 आली. चार सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, सरळ हँडल, सपाट सीट. ऑफिस, लांबचा प्रवास, शर्यत, सगळं तीच करायची. मालक हँडल आणि एक्झॉस्ट बदलून तिला हवी तशी करून घ्यायचे. सत्तरच्या दशकात चारही जपानी कंपन्या त्याच घाटाच्या गाड्या काढत होत्या. मग 1980 ला बीएमडब्ल्यूची आर 80 जी/एस आली, तिने 1981 ची पॅरिस-डकार रॅली जिंकली आणि ‘ॲडव्हेंचर’ हा कप्पा तयार झाला. 1985 ला सुझुकीची जीएसएक्स-आर 750 शर्यतीच्या अवतारात आली आणि ‘स्पोर्ट्स’चा कप्पा पक्का झाला. गंमत म्हणजे ती जी/एस मुळात डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही एकाच गाडीने व्हावेत म्हणून काढली होती. आज तिच्या वंशातल्या गाड्यांचं धूड पाहिलं की कच्च्या रस्त्यावर न्यायला मालकच कचरतो.

आपल्याकडे हे जरा उशिरा आलं. 2001 मध्ये पल्सर आली तेव्हा ती 150 आणि 180 एवढीच होती, आणि दोन्ही सगळ्या कामाच्या. 2012 ला एनएस 200 आली. 2015 ला त्याच इंजिनावर अंगभर फेअरिंग (वारा कापणारं आवरण) चढवून आरएस 200 केली, आणि त्याच वर्षी लांबच्या प्रवासासाठी म्हणून एएस 200. एएस फार टिकली नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण रॉयल एनफिल्डचं आहे. 2020 मध्ये मीटिऑर, 2021 मध्ये नवी क्लासिक, 2022 मध्ये हंटर, 2023 मध्ये नवी बुलेट. चारही गाड्यांत 350 सीसीचं एकाच घडणीचं इंजिन. एक पाय पसरून लांब जायला, एक मिरवायला, एक शहरात वळवळायला आणि एक बुलेट म्हणून. एकाच कणकेच्या पोळ्या, फुलके, पराठे आणि पुऱ्या. पूर्वी हीच चार कामं एका बुलेटवर व्हायची आणि कोणाला काही खटकत नव्हतं. कंपनीच्या बाजूने हिशेब चोख आहे: इंजिन एकदाच बनवायचं आणि गिऱ्हाईक चार प्रकारचं धरायचं. तुमच्या घरी मात्र पार्किंग एकच असतं.

मोठी टूरिंग गाडी घेतली तर समृद्धीने मुंबईला जाता येईल ना?

नाही. 701 किमीच्या समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगीच नाही, मग ती आठ लाखांची असो की ऐंशी हजारांची. हे अनेकांना गाडी घेतल्यावर कळतं. तुम्हाला अमरावती, अकोल्याचा जुनाच रस्ता धरायचा आहे, आणि तिथे ट्रक, ट्रॅक्टर, गाईगुरं सगळे आहेत.

नागपूरच्या उन्हाळ्यात जुनी गाडी तापून बंद पडत नाही का?

पारा 45 च्या पुढे गेला की तापत नाही असं काहीच नसतं. जुनी एअर-कूल्ड गाडी वारा लागला की निवते, थांबली की तापते, म्हणून व्हरायटी चौकात लांब सिग्नलला इंजिन बंद करा. लिक्विड-कूल्ड गाडीचं इंजिन आतून जास्त सांभाळलेलं असतं यात शंका नाही, पण तिचा फॅन सुरू झाला की गरम वारा थेट मांड्यांवर येतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो वारा खाऊन बघा आणि मग ठरवा.

टू-स्ट्रोकवाल्यांना वेगळं सांगतो. आरएक्स 100 ला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे. टाकीतलं ऑइल रोज बघा. जुनी राजदूत 175 असेल तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आहे, तिथे अंदाजपंचे काम नको. उन्हाळ्यात ऑइल कमी पडलं की पिस्टन चिकटतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. तसं होतंय असं वाटलं की क्लच दाबा, आधी क्लच.

आणि पावसाळ्यात?

या प्रश्नाचं उत्तर आपली काळी माती देते. शेतात जायचं असेल तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं जातात का ते बघा. रोजच्या ये-जा करायच्या जुन्या (कम्युटर) गाड्यांत बऱ्यापैकी फट असते. रस्त्यावरच्या नव्या गाड्यांत मागच्या चाकाला अगदी बिलगून प्लास्टिक असतं, शिवाय टायर रुंद. काळी माती ओली झाली की टायरला गोळा धरते, गोळा प्लास्टिकला अडतो, आणि दहा पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग बांधावर बसून काडीने माती उकरत बसा. अरुंद टायर माती कापत जातो, रुंद टायर ती गोळा करत जातो. भिवापूर, कुही, उमरेडकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. शहरात राहून गावी जाणाऱ्यांना सांगावं लागतं.

ब्रेकचं काय? खरं सांगा.

खरं सांगायचं तर इथे जुनी गाडी हरते. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, सक्तीचं झालं. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ते नाही, आणि ड्रम ब्रेक ओले झाले की पहिल्या दोन दाबांना ऐकतच नाहीत. हेडलाइटही तसाच: स्प्लेंडरचा 35 वॅटचा बल्ब गल्लीत पुरतो, जबलपूर हायवेवर रात्री समोरून ट्रकचा झोत आला की रस्ता दिसत नाही.

त्यामुळे ज्याला दर पंधरवड्याला चिखलदऱ्याला जायचं आहे, रात्री-अपरात्री हायवेने यायचं आहे, त्याने एबीएसवाली नवी गाडी घ्यावी. इथे मी जुन्याची वकिली करणार नाही. जुनी गाडी शहर, गाव आणि दिवसाउजेडी साठच्या आतल्या वेगासाठी आहे. ब्रेक शू वेळेवर बदला, पुढचा टायर झिजवत ठेवू नका.

आरएक्स 100 घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझ्या उत्तरावर लोक रागावतात.

98 सीसी, 11 अश्वशक्ती, हलकं अंग. 1985 ते 1996 एवढीच वर्षं ती इथे बनली. एका किकमध्ये चालू व्हायची, दूधवाल्यापासून कॉलेजच्या पोट्ट्यापर्यंत सगळ्यांना चालायची. तेव्हा ती सगळ्या कामाची होतीच.

आता तिची किंमत लाखाच्या घरात सांगतात, रंगवून चकाचक केलेली असेल तर त्याहून वर. एवढे पैसे मोजले की माणूस ती इतवारीत दुकानासमोर उभी करत नाही, पावसात काढत नाही, मित्राला देत नाही. मग ती कसली सगळ्या कामाची? रविवारी फुटाळ्यावर एक चक्कर, एवढंच तिचं काम उरतं. शिवाय बाजारात तिचे डुप्लिकेट पार्ट इतके आहेत की तुम्ही ‘ओरिजिनल’ म्हणून घेतलेल्या गाडीत मूळचं काय उरलंय हे सांगणं कठीण. घरात वडिलांची असेल तर जपा. बाजारातून घेऊ नका.

वडिलांची बुलेट पडून आहे. चालू करू का?

करा. जुन्या लोखंडी इंजिनची असेल तर गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असण्याची शक्यता आहे. घरातल्या प्रत्येकाला ते सांगून ठेवा. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात चालवा, शंकरनगरच्या चौकात नाही.

एफआय गाडी आणि कार्बोरेटरची गाडी, दुरुस्तीत फरक किती?

धुरावरचे बीएस 6 चे नियम 1 एप्रिल 2020 ला लागू झाले आणि स्प्लेंडरसुद्धा फ्युएल इंजेक्शनवर, म्हणजे एफआयवर गेली. एफआय गाडी सकाळी थंडीत चोकशिवाय चालू होते, धूर कमी, कुरकुर कमी. पण बिघडली की मेकॅनिकला स्कॅनर लागतो, आणि सेन्सर गेला तर तो बदलायचाच, साफ करून चालत नाही.

कार्बोरेटरची गाडी आपलं दुखणं स्वतः सांगते. इंजिन थंड असताना प्लग काढा आणि टोक बघा. विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काजळीसारखं काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर भरलाय. काळं पण तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वर येतंय. पांढुरकं असेल तर हवा जास्त, इंजिन आतून तापतंय. बस, एका पान्याचं काम. काटोल नाक्यापासून सावनेरपर्यंत कुठल्याही टपरीवर हे बघणारा माणूस सापडतो. पुढच्या वीस वर्षांत तो सापडेल का, हा प्रश्न रास्त आहे. नवी पोरं स्कॅनरच शिकून राहिली.

ई 20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

लगेच बंद पडत नाही, पण लक्ष द्यावं लागतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून 20 टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडं उतरणार, हे गणितच आहे. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठरलेल्या मापाचा असल्याने त्याला इंधन बदललं हे कळत नाही आणि मिश्रण पातळ होतं; एफआय गाडी ते बऱ्याच अंशी सावरून घेते. प्लग सतत पांढरा दिसत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघायला मेकॅनिकला सांगा.

दुसरं दुखणं पाण्याचं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि गाडी जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाला गंज धरतो. उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. जुने पेट्रोल पाइप आणि रबरी वॉशर कडक झाले असतील तर बदलून टाका, किरकोळ खर्च आहे.

15 वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते का?

दिल्लीचे नियम वाचून लोक घाबरतात. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि तपासणी करून दर वेळी 5 वर्षांसाठी वाढवता येते. मुदत संपायच्या 60 दिवस आधीपासून फॉर्म 25 भरता येतो. सोबत पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी लागतं. नूतनीकरणाची फी 1 एप्रिल 2022 पासून 300 ची 1000 रुपये झाली, आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या दुचाकींसाठी 2000. उशीर केला की दंड वेगळा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घ्यायची आहे.

50 वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणून आजोबांची जावा ज्यांना खरंच चालवायची आहे त्यांनी या फंदात पडायच्या आधी विचार करावा.

सेकंडहँड घेताना काय बघायचं?

इंजिनच्या आवाजाने भुलू नका, इंजिनचं काम करून घेता येतं. कागदाचं काम करून घेता येत नाही. हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर चिंधीने घासून पुसा आणि आरसीशी अंक न अंक जुळवा. पुन्हा ठोकल्यासारखा, वरखाली अंकांचा दिसला तर चहा पिऊन परत या. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आधी मागा. फॉर्म 29 आणि 30 वर सही घेऊन तुम्हीच नाव चढवा. ‘नंतर करू भाऊ’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नंबर नागपूरच्या एमएच 31, 49 की 40 चा, याने गाडीच्या किमतीत फरक पडू देऊ नका.

मग गाडी डबल स्टँडवर लावा, पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला आहे. मागचं चाक धरून आडवं हलवा, खुळखुळलं तर बुश किंवा बेअरिंग. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर कारण विचारा.

पोट्टा म्हणते स्पोर्ट्स बाइकच पाहिजे. काय करू?

त्याला म्हणा, घे, पण एक महिना घरचा गॅस, दळण आणि आजीची दवाखान्याची फेरी त्याच गाडीवर. बहुतेक तोच युनिकॉर्नवर येतो. नाही आला तर निदान एबीएस आणि चांगलं हेल्मेट यावर पैसे वाचवू देऊ नका.

मला नवीनच घ्यायची आहे, पण जुन्यासारखी. काही उरलंय का?

उरलंय, फक्त जाहिरातीत दिसत नाही. 100 सीसीत स्प्लेंडर आणि शाइन 100. जरा ताकद हवी तर युनिकॉर्न. या युनिकॉर्नचं एक मजेशीर आहे: होंडाने 160 आणल्यावर 150 बंद केली, आणि पुढे तीच 150 परत विकायला आणावी लागली. गावाकडचा कच्चा रस्ता रोजचा असेल आणि उंची पुरत असेल तर एक्सपल्स 200 बघा. कप्पा ॲडव्हेंचरचा असला तरी अरुंद टायर आणि उंच मडगार्डमुळे ती आपल्या मातीत चालते.

जुनी स्प्लेंडर एक्स्चेंजमध्ये देऊ का?

शोरूमवाले जो आकडा सांगतील तो ऐका, मग गावाकडे एक फोन करा. गावात तिला जास्त मिळतात, कारण तिथे तिचं काम संपलेलं नसतं. दिलीत तर नाव बदलल्याची आरसी स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत शेवटची चावी हातात ठेवा.